चटणी रोजची रोज, आणि आपल्याही ताटात

 दुपारची भांडी आवरून जरा टेकला असाल. हातात निवडायला भाजी असेल तर ती निवडत निवडत ऐका. आज मी तुमच्याशी चटणीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, चटणी काय आम्हाला शिकवायची? खरं आहे. ती मीच तुमच्याकडून शिकले. पण शिकताना आमच्या गटाचं थोडं नुकसान झालं आणि त्यातून जे कळलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मी नवी मुंबईत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमचे काही गट खारघरच्या डोंगरातल्या पाड्यांवर आहेत, काही पनवेल-उरणकडच्या गावांत. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभं राहिलं. भातशेती गेली, मिठागरं कमी झाली. पण गावठाणातल्या घरांमागे अजून एखादं आंब्याचं, चिंचेचं, बिंबलाचं झाड आहे. डोंगरात करवंदाच्या जाळ्या आहेत. चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन स्टेशनाबाहेर बसतात, त्या हीच कैरी, करवंदं, पुढे जांभळं विकतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका वैशाखात आमच्या एका गटाने ठरवलं, की कैरी आणि करवंदं नुसती विकण्यापेक्षा चटणी करून विकू. चार पैसे जास्त मिळतील. कल्पना चांगली होती आणि तिच्यात माझाही उत्साह होता. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, काचेच्या ४० बाटल्या आणल्या. कैरी, कोथिंबीर, पुदिना, लसूण, गूळ, शेंगदाणे, सगळं मिक्सरमधून काढलं. बाटल्या भरल्या, वर रंगीत कापड बांधलं. प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. बाटल्या एका ताईंच्या घरी, पत्र्याच्या खोलीत ठेवल्या.

पाचव्या दिवशी त्या ताईंचा फोन आला. "मॅडम, बाटल्या आवाज करतात." जाऊन बघते तर झाकणं फुगलेली. एक उघडली तर फस्सकन फेस बाहेर आला. हिरवा रंग जाऊन शेवाळी झाला होता, वासही बदलला होता. सगळ्या ४० बाटल्या आम्ही खड्ड्यात ओतल्या. कर्जाचे हप्ते मात्र सहा महिने फेडले.

त्या दिवशी आम्ही खड्ड्यापाशी उभ्या होतो, तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी ओटीवरून म्हणाल्या, "अगो बाय, चटनी रोजची रोज वाटायची असते. बाटलीत लोनचं ठेवतात." एवढं साधं वाक्य आहे. आम्ही गट चालवणाऱ्या, प्रशिक्षणं घेतलेल्या, पण ते आमच्या लक्षात आलं नव्हतं.

यात कारण समजून घेण्यासारखं आहे. लोणचं टिकतं ते मिठामुळे, तेलामुळे आणि त्यात पाणी कमी असतं म्हणून. फोड आपण मीठ लावून सुकवतो, मसाला भाजतो, वर तेलाचा थर ठेवतो. ओल्या चटणीत यातलं काहीच नाही. धुतलेल्या पाल्याचं पाणी आहे, गुळाची गोडी आहे, दाण्याचा कूट आहे. आंबटपणामुळे काही जंतू थांबतात, पण सगळे नाही. उकाड्यात ती आंबायला लागते आणि बंद बाटलीत वायू साठतो. म्हणून झाकणं फुगली. यात आमच्या हाताचा दोष नव्हता. जिन्नस रोजचा होता आणि आम्ही त्याला महिन्यांचा करायला निघालो होतो.

आता दुसरी गोष्ट. त्याच पावसाळ्यात गावात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. आशाताईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. आमच्या त्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. एका ताईंचं आठच्या आसपास होतं. आपल्यासारख्या बाईचं ते बारा तरी हवं, गरोदर बाईचं अकरा. आणि हे फक्त आमच्या गावचं नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्ताची कमतरता आढळली. आपल्या महाराष्ट्रात १०० मागे ५४.

ज्या ताईंचं आठ होतं, त्यांना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" त्या म्हणाल्या, "सकाळी चहा-बटर. दुपारी भाकरी आणि कालवण उरलं होतं ते. वर चहा." मी शेजारीच होते. माझ्या मनात आलं, आम्ही चार दिवस ताज्या कैरीची, कोथिंबिरीची चटणी वाटत होतो. दोन टोपल्या पाला निवडला. त्यातली चटणी आमच्यापैकी एकीच्या तरी ताटात गेली का? बाटलीत कमी पडेल म्हणून आम्ही चवीपुरतीच चाखली होती. शहरातल्या लोकांना पौष्टिक म्हणून विकायची आणि आपण मात्र कोरडी भाकरी चहात बुडवून खायची, असं चाललं होतं.

म्हणून आजचं माझं सांगणं एवढंच आहे. आंबट फळाची आणि हिरव्या पाल्याची चटणी थोडी करा, रोजची रोज करा, आणि पहिली आपल्या ताटात वाढून घ्या.

तिचा उपयोग काय, ते नीट सांगते. चटणी खाल्ली की रक्त वाढतं, असं मी म्हणणार नाही. दोन चमचे चटणीत लोह असून असून किती असणार? लोह असतं ते आपल्या नाचणी-बाजरीच्या भाकरीत, डाळीत, माठ-चवळीच्या पालेभाजीत. पण या लोहातलं थोडंच अंगी लागतं. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त अंगी लागतं. हे जीवनसत्त्व कैरीत आहे, लिंबात आहे, पेरूत आहे, आवळ्यात तर भरपूर आहे. हिरव्या मिरचीत आणि कोथिंबिरीतही आहे. म्हणजे भाकरी-भाजी शेजारी ही चटणी असली, की भाकरी-भाजीतलं लोह वाया कमी जातं.

पण क जीवनसत्त्व नाजूक असतं. शिजवलं की कमी होतं, चटणी वाटून उघडी ठेवली तरी कमी होतं. म्हणून कच्ची आणि ताजी चटणी जास्त गुणाची. आजींचं वाक्य इथेही लागू पडतं.

आणखी एक. जेवणावर लगेच चहा घेतला तर जेवणातलं लोह कमी अंगी लागतं. चहा सोडा म्हणत नाही, मलाही सुटत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. आणि आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच. चटणी गोळीच्या जागी चालत नाही. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता कृती. वही-पेन असेल तर लिहून घ्या. पाच-सहा माणसांना एका जेवणाला पुरेल एवढं प्रमाण सांगते.

एक मध्यम कैरी. कोथिंबीर दोन मुठी, कोवळ्या देठांसकट, देठं टाकू नका. पुदिना एक मूठ, फक्त पानं. हिरव्या मिरच्या दोन किंवा तीन. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या. अर्धा चमचा जिरं. भाजलेले शेंगदाणे दोन चमचे, किंवा तेवढंच ओलं खोबरं. मीठ अर्धा चमचा. गूळ सुपारीएवढा, कैरी फार आंबट असेल तरच.

पाट्यावर वाटणार असाल तर आधी मीठ, मिरची, लसूण, जिरं चिरडून घ्या. मग दाणे. मग कैरीच्या फोडी, साल कोवळी असेल तर सालीसकट. पाला सगळ्यात शेवटी. पाला आधी घातला तर तो जास्त वेळ रगडला जातो आणि काळा पडतो. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं, पुदिना कडवट होतो. पाणी चमचाभरच, तेही माठातलं गार. तेल लागत नाही. वरून फोडणी दिलीच पाहिजे असं नाही.

करवंदाची चटणीही अशीच. हिरवी करवंदं वाटीभर घ्या. त्यांना चीक असतो, म्हणून देठ काढून, अर्धी कापून, दहा-पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा. मग दोनदा स्वच्छ धुवा. करवंदाला लसूण आणि ओलं खोबरं चांगलं जमतं.

आमच्या आगरी-कोळी घरांत सुका जवळा कोरडा भाजून, त्यात कैरीचा कीस, कांदा, मिरची, कोथिंबीर चुरडून खातात. ज्यांना चालतं त्यांनी जरूर करा. जवळ्यातून प्रथिनं मिळतात, चुनाही मिळतो. मात्र जवळा आधीच खारट असतो, वरून मीठ घालताना चाखून बघा.

कैरी बाराही महिने नसते, पण आंबट काही ना काही असतंच. चैत्र-वैशाखात कैरी आणि करवंदं. पावसाच्या तोंडावर बिंबलं. श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या सुमारास, अंबाडे. हे अंबाडे म्हणजे झाडाचं फळ बरं का. अंबाडीची आंबट पालेभाजी वेगळी. तिचीही चटणी होते, ती मात्र पाला परतून करतात. तुळशीच्या लग्नापासून आवळे. थंडीत पेरू, अर्धाकच्चा घ्या, चटणी छान होते. महाशिवरात्रीला कवठ, त्यात गूळ आणि जिरं. काहीच नसेल तेव्हा लिंबू आहेच.

चिंच आणि कोकम घरात असतंच, पण एक लक्षात ठेवा. सगळं आंबट सारखं नसतं. चिंचेत आणि कोकमात आंबटपणा भरपूर, क जीवनसत्त्व थोडंच. चिंचेची चटणी केलीत तर तिच्यात मूठभर कच्ची कोथिंबीर घाला आणि खायच्या वेळी लिंबू पिळा.

पाल्यातही बदल करता येतो. लसणाची पात घाला, कढीपत्ता घाला, ओव्याची दोन पानं घाला. शेवग्याचा कोवळा पाला तव्यावर किंचित परतून मूठभर घातला तर फारच चांगलं. शेवगा बहुतेक गावांत दारातच असतो, त्याला पैसे पडत नाहीत.

आता स्वच्छतेचं. चटणी आपण शिजवत नाही, म्हणून धुण्यात आळस चालणार नाही. शहराजवळ कुठला पाला कुठल्या पाण्यावर वाढला ते आपल्याला कळत नाही. रेल्वेच्या रुळांकडेला पिकणारा पाला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. शक्य असेल तर कोथिंबीर, पुदिना घरीच लावा. पुदिन्याची काडी डब्यात खोचली तरी जगते. धने दोन बोटांनी फोडून पेरले की आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. विकतचा पाला आणला तर मुळं कापून टाका, मोठ्या पातेल्यात पाण्यात हलवून माती खाली बसू द्या, पाला वरून उचला, पाणी बदला. असं तीनदा करा. शेवटचं पाणी पिण्याचं असावं. पाटा-वरवंटा आणि मिक्सरचं भांडंही वाटण्याआधी धुवा. मासळी वाटलेल्या पाट्यावर तसंच चटणी वाटायला बसू नका.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. अॅल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट ठेवायचं नाही, ते धातूला लागतं आणि चटणी कळकते.

उरली तर? फ्रिज असेल तर झाकून दोन दिवस. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा. वास बदलला, फेस दिसला, तर पुन्हा मीठ घालून चालवून घेऊ नका, टाकून द्या. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात तर शिळी चटणी नकोच. डोहाळ्यांत आंबट खावंसं वाटतं, जरूर द्या, पण ताजं आणि नीट धुतलेलं.

कोणी जपून खावं तेही सांगते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी चटणीत मीठ निम्मं करावं, आंबटपणामुळे कमी मीठ जाणवतही नाही. साखरेचा आजार असेल तर गूळ वगळावा. पोटात व्रण किंवा जळजळ असेल तर मिरची कमी आणि चटणी जेवणासोबतच, रिकाम्या पोटी नाही. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी बिंबलं आणि करमळं खाऊ नयेत. या फळांतली काही द्रव्यं आजारी मूत्रपिंडाला झेपत नाहीत. निरोगी माणसानेही बिंबलाचा रस पेलाभर पिऊ नये. वजन उतरतं म्हणून कोणी तसं सांगितलं तरी ऐकू नका. चटणीत चार बिंबलं घालणं वेगळं आणि रस पिणं वेगळं.

आता गटाचं काय झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मनात विक्रीचा प्रश्न असेल.

हप्ते फिटल्यावर आम्ही पुन्हा बसलो. बाटलीचा नाद सोडला. आता आमच्या त्या गटाच्या चार जणी सकाळी तांदळाचे घावणे करतात आणि चटणी तिथेच, गिऱ्हाइकासमोर वाटतात. दोन तासांत लागेल तेवढीच. उरली तर तिथेच आपापसात वाटून घेतात. टिकाऊ माल हवा म्हणून जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची, लसूण-सुक्या खोबऱ्याची कोरडी चटणी करतात. ती भाजलेली असते, पाण्याचा थेंब नसतो, पाकिटात राहते. पाकिटावर केल्याची तारीख लिहितात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घेतली, तिचा १४ अंकी नंबर पाकिटावर छापतात. तुम्हीही खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर आधी ही नोंदणी करा. आपल्या तालुक्यातल्या उमेदच्या किंवा माविमच्या ताई त्यात मदत करतात.

आणि त्या आठवाल्या ताई? त्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या. चहा जेवणापासून लांब नेला. घरात सासूबाईंनाच सांगितलं, की मी आता सगळ्यांबरोबर बसून जेवणार, शेवटी नाही. हे सांगायला त्यांना गोळ्या घेण्यापेक्षा जास्त धीर लागला, असं त्या स्वतःच म्हणाल्या. पुढच्या तपासणीत त्यांचं साडेदहा निघालं. अजून बारा झालेलं नाही. पण डोंगर चढताना पूर्वी चार ठिकाणी बसायच्या, आता एकदा बसतात. करवंदांची टोपली घेऊन त्याच सगळ्यांत पुढे असतात.

मैत्रिणींनो, जाता जाता एक काम देते. तुमच्या गटाची पुढची बैठक असेल तेव्हा प्रत्येकीने आपल्या परिसरातल्या एका आंबट फळाची आणि एका पाल्याची चटणी आणा. घरी त्याच दिवशी वाटलेली, छोट्या डब्यात. बचतीचा हिशोब झाला की भाकरीबरोबर एकमेकींची चटणी खा. आणि त्याच बैठकीत एकमेकींना विचारा, तुझं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं होतंस? जिला आठवत नसेल तिने आशाताईंकडे नाव द्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

आणि आज संध्याकाळी वाटलेली चटणी वाढताना पहिला चमचा स्वतःच्या ताटात वाढा. घरच्यांना कमी पडणार नाही, कैरी अर्धी जास्त घ्या म्हणजे झालं.